मिनिटांचं देणं

पूर्वी आमच्या सेंटरवर कमरेच्या मणक्याचा एक एमआरआय पाऊण तास चालायचा. आज तोच स्कॅन पंधरा मिनिटांच्या आत उरकतो आणि चित्र पूर्वीपेक्षा वाईट येत नाही, उलट बऱ्याचदा उजवं येतं. मधला हा अर्धा तास मी कमावलेला नाही, तो मला मिळाला. कुणाकुणाकडून मिळाला हे आठवायला बसलं की सगळ्यात आधी सेंटरवर मला काम शिकवणारे आमचे सर आठवतात. मग फ्रायबुर्ग, नॉटिंगहॅम, झुरिक अशा शहरांतली माणसं, ज्यांची नावं सरांनीच माझ्याकडून पाठ करून घेतली. आणि मग ते सगळे पेशंट, जे दुखऱ्या कमरेवर, कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात न हलता पडून राहिले, म्हणून आम्ही शिकलो.

मी आळंदीची. वडील पखवाज शिकवायचे. जोग महाराजांनी १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था काढली, तेव्हापासून बाहेरगावची मुलं आळंदीत कीर्तन-प्रवचन शिकायला येत आली आहेत. त्यांतली काही पखवाजासाठी आमच्या ओट्यावर बसायची. मी त्या ठेक्यांच्या आवाजात अभ्यास केला, रेडिओलॉजी टेक्नॉलॉजीचा डिप्लोमा घेतला आणि मोशीच्या बाजूला एका रुग्णालयाच्या तळमजल्यावरच्या सेंटरला लागले. देहूफाट्यावर बस धरायची, डुडुळगाव मागे पडलं की आलंच. घरी अभंग आणि कामावर चुंबक, असं आयुष्य सुरू झालं.

आमच्याकडे येणारा पेशंट म्हणजे हा सगळा पट्टा. चाकण, भोसरी, तळवड्याच्या कंपन्यांतले कामगार, त्यांतले बरेच ठेकेदाराकडचे. कंबर धरलेली असते, पायात मुंग्या येत असतात, पण खाडा झाला तर त्या दिवसाचे पैसे जातात. म्हणून ते थर्ड शिफ्ट करून, रात्रभर न झोपता, सकाळी थेट सेंटरवर येतात. मरकळ, चऱ्होली, सोळूकडचे शेतकरी येतात. आणि आळंदीचे, देवाच्या दारी येऊन राहिलेले वृद्ध वारकरी येतात, ज्यांच्या पाठीला पोक आलेला असतो आणि ज्यांना उताणं झोपणं हीच शिक्षा असते. अशा माणसाला ‘पाऊण तास हलू नका’ म्हणून सांगणं म्हणजे काय, हे कन्सोलच्या काचेआड बसणाऱ्याला कळायला हवं. सरांना ते कळत होतं.

सर खेड तालुक्यातले. प्रत्येक पेशंटला ते ‘माउली’ म्हणायचे. आळंदीत सगळेच म्हणतात, पण सर हाक मारून थांबायचे, समोरच्याने वर बघेपर्यंत पुढचं बोलायचे नाहीत. कामगार आला की त्यांचा पहिला प्रश्न कमरेचा नसायचा. “माउली, ग्राइंडिंग करता का? वेल्डिंग, फॅब्रिकेशन? डोळ्यात कधी कण गेला होता?” या पट्ट्यात त्याचं उत्तर फार वेळा ‘हो’ असतं. डोळ्यात लोखंडाचा बारीक कण राहून गेला असेल, तर चुंबकात तो जागचा हलू शकतो आणि दृष्टी जाऊ शकते. म्हणून आधी डोळ्यांचा एक्स-रे, मगच एमआरआय. बाहेर रांग कितीही असो, सर हा एक्स-रे कधी टाळायचे नाहीत. घाई कुठे करायची आणि कुठे अजिबात नाही, याचा पहिला धडा मला तिथे मिळाला.

दुसरा धडा तुळशीच्या माळेचा. मशीनच्या खोलीत अंगावर धातू चालत नाही, आणि वारकरी गळ्यातली माळ काढत नाही. यावरून दारातच तंटा व्हायचा, नातेवाईक रडकुंडीला यायचे. सरांनी त्यावर साधी वाट काढली. माळ दोऱ्यात ओवलेली असेल, मणी नुसते लाकडी असतील, तर हातातल्या लहान चुंबकाने मणी-न्-मणी तपासायचा आणि माळ गळ्यात राहू द्यायची. तारेत ओवलेली असेल तर चालणार नाही, हे अपॉइंटमेंट देतानाच फोनवर सांगायचं, म्हणजे घरची माणसं ती आधीच दोऱ्यात ओवून आणतात. स्कॅनचा वेळ कमी करण्याच्या कितीतरी युक्त्या मी पुढे शिकले, पण मन शांत असलेला पेशंट कमी हलतो आणि न हललेल्या पेशंटचे सिक्वेन्स, म्हणजे स्कॅनचे वेगवेगळे भाग, रिपीट करावे लागत नाहीत, ही युक्ती सगळ्यांत जुनी आणि आजही सगळ्यांत खात्रीची आहे.

एमआरआयला मुळात वेळ का लागतो, हे सरांनी मला कागदावर आकडे मांडून समजावलं होतं. यंत्र फोटो काढत नाही. शरीरातल्या पाण्यातल्या हायड्रोजनच्या अणूंना रेडिओलहरींनी हलवायचं, त्यांचा क्षीण प्रतिसाद ऐकायचा आणि त्याची एक ओळ नोंदवायची. मग अणू पुन्हा स्थिरावेपर्यंत थांबायचं आणि पुढची ओळ घ्यायची. अशा २५६ ओळी आणि दोन ओळींमध्ये ३ सेकंदांची वाट धरली, तर ७६८ सेकंद होतात, म्हणजे जवळजवळ १३ मिनिटं. तीही एकाच सिक्वेन्सची, आणि मणक्याला असे चार-पाच सिक्वेन्स लागतात. १९७७ साली न्यूयॉर्कमध्ये रेमंड दमाडियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या छातीचं पहिलं चित्र घेतलं, तेव्हा त्या एका चित्राला पावणेपाच तास लागले होते.

यातला बहुतेक वेळ नुसत्या वाट बघण्याचा आहे, हे फ्रायबुर्गच्या युर्गन हेनिग यांनी हेरलं. एकदा अणू हलवल्यावर एकच प्रतिध्वनी ऐकून गप्प का बसायचं? लागोपाठ आठ, सोळा प्रतिध्वनी उभे करायचे आणि प्रत्येकातून एक ओळ घ्यायची. १९८६ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रसिद्ध केलं. सोळा ओळी एकदम मिळाल्या की त्या ७६८ सेकंदांचे ४८ सेकंद होतात. आज जगातला जवळजवळ प्रत्येक मणका आणि गुडघा याच पद्धतीने स्कॅन होतो. मोशीत माझ्या टेबलावर झोपलेल्या रिक्षावाल्याला हेनिग हे नाव माहीत असण्याचं कारण नाही. मला माहीत आहे, म्हणून मी ते इथे लिहिते.

पीटर मॅन्सफिल्ड यांचं ऋण मला एका कार्तिकीत कळलं. कार्तिक वद्य एकादशीला आळंदीत पाय ठेवायला जागा नसते, इंद्रायणीचे दोन्ही घाट भरलेले असतात. दुपारी दिंडीतल्या लोकांनी एका आजींना आणलं. बोलता बोलता जीभ जड झाली होती, उजवा हात लुळा पडला होता. सीटीत रक्तस्राव दिसत नव्हता, पण बाकी काही ठरतही नव्हतं. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि गर्दीतून बाहेर पडण्यातच त्यांचा बराच वेळ गेला होता. त्यांना हलू नका म्हणून सांगण्याचीही सोय नव्हती, कारण सांगितलेलं त्यांना नीट उमगत नव्हतं. आम्ही फक्त डिफ्युजन नावाचा सिक्वेन्स लावला. साधारण मिनिटाभरात मेंदूच्या डाव्या बाजूला पांढरा डाग स्पष्ट दिसला. आमच्या रेडिओलॉजिस्ट मॅडम कन्सोलवरूनच वरच्या मजल्यावर फोन करत होत्या. इंजेक्शन वेळेत मिळालं.

डिफ्युजन ज्या पद्धतीवर उभं आहे, ती एका धक्क्यात अख्ख्या स्लाइसच्या, म्हणजे शरीराच्या एका छेदाच्या, ओळी गोळा करते. एका स्लाइसला सेकंदाचा दहावा भाग. ही कल्पना मॅन्सफिल्ड यांनी नॉटिंगहॅममध्ये १९७७ साली मांडली. तेव्हाच्या यंत्रांना ती झेपतही नव्हती, उपयोगात यायला आणखी कितीतरी वर्षं गेली. हा माणूस पंधराव्या वर्षी शाळेतून बाहेर पडला होता आणि छापखान्यात कामाला लागला होता. पुढे १९७८ साली पूर्ण शरीर मावेल असं यंत्र तयार झालं, तेव्हा झपाट्याने बदलणारं चुंबकीय क्षेत्र हृदयाला धोकादायक ठरेल असा इशारा मिळालेला असतानाही ते स्वतःच त्यात पहिले उभे राहिले. २००३ साली त्यांना पॉल लॉटरबर यांच्याबरोबर नोबेल मिळालं. सर ही गोष्ट नेहमी सांगायचे, पण नोबेलसाठी नाही, आधी स्वतः आत गेले म्हणून.

कॉइलचंही सांगायला हवं. पेशंटच्या छातीवर, गुडघ्यावर आम्ही जे कवच ठेवतो ती कॉइल, म्हणजे सिग्नल ऐकणारा अँटेना. जुन्या यंत्रात तिच्यात एकच कान होता. नंतर अनेक लहान कान शेजारी-शेजारी बसवलेल्या कॉइल आल्या. प्रत्येक कानाला आपल्या जवळचा भाग मोठ्याने ऐकू येतो, लांबचा हळू. म्हणजे सिग्नल कुठून आला याची थोडी माहिती कॉइलच देते, मग सगळ्या ओळी घ्यायची गरज राहत नाही. मधल्या ओळी गाळल्या की चित्राची घडी पडते, नाक मानेवर येतं. ती घडी कानांच्या या फरकावरून उलगडता येते. १९९७ साली बोस्टनमध्ये डॅनियल सोडिकसन यांनी हे पहिल्यांदा करून दाखवलं, १९९९ साली झुरिकच्या क्लास प्रुसमन यांनी त्याला अधिक सर्वसाधारण रूप दिलं, २००२ साली मार्क ग्रिसवोल्ड यांची पद्धत आली. आमच्या कन्सोलवर अशा पद्धतींची आद्याक्षरं बटणांसारखी दिसतात. आता एमआरआयच्या कॉइल भारतातही बनू लागल्या आहेत. मुंबईत पवईच्या आयआयटीच्या आवारातली ‘समीर’ ही सरकारी संस्था अख्खं स्वदेशी यंत्र उभं करण्याच्या कामात आहे. चाकणला फिलिप्सच्या कारखान्यात कॅथलॅब तयार होतात. ज्या हातांची मनगटं आम्ही स्कॅन करतो, त्याच पट्ट्यातल्या हातांनी उद्या आमचं यंत्र जोडलं तर मला त्याचं नवल वाटणार नाही, अभिमान मात्र फार वाटेल.

पण ज्या शोधाने मला खरोखर थक्क केलं तो २००७ सालचा. मायकेल लस्टिग, डेव्हिड डोनोहो आणि जॉन पॉली यांनी स्टॅनफर्डहून मांडलं की ओळी अगदी थोड्या घ्या, मात्र नियमाने एकाआड एक नको, विखरून घ्या, आणि उरलेलं गणिताने भरा. त्यामागचं गणित डोनोहो यांनी आणि कँडेस, रॉम्बर्ग, ताओ यांनी वर्षभर आधी पक्कं केलं होतं. मला हे पटेना. जे मोजलंच नाही ते चित्रात कसं येईल? सरांनी प्रयत्न केला, तरी गाठ सुटेना. शेवटी वडिलांनी ती सोडवली, आणि त्यांना एमआरआयमधलं काही कळत नव्हतं. ओट्यावर बसले होते. पलीकडच्या धर्मशाळेत भजन चाललं होतं, वाऱ्यामुळे पखवाजाची एखादीच थाप ऐकू येत होती, तीही मध्येच. वडिलांचा हात मांडीवर पूर्ण ठेका धरत होता. मी विचारलं, सगळं ऐकू येतंय का तुम्हाला? ते म्हणाले, “सगळं कशाला ऐकू यायला पाहिजे? ठेक्याला बांधणी असते.” बांधणी! शरीराच्या चित्रालाही बांधणी असते. ते म्हणजे विस्कटलेले ठिपके नव्हेत, त्यात सलग पृष्ठं असतात, कडा असतात, आणि योग्य भाषेत मांडलं तर थोड्याच आकड्यांत ते मावतं. ओळी विखरून घेतल्या की गाळल्याचा दोष सगळीकडे बारीक खरखरीसारखा पसरतो, आणि बांधणी जाणणारं गणित ती खरखर वेगळी काढू शकतं.

स्टॅनफर्डच्या बालरुग्णालयात श्रेयस वसनावाला या रेडिओलॉजिस्टनी लस्टिग यांची पद्धत मुलांसाठी वापरली. यकृत बदललेल्या एका दोन वर्षांच्या मुलाचं स्पष्ट चित्र हवं होतं. नेहमीच्या पद्धतीने त्यासाठी भुलीखाली त्याचा श्वास दोन मिनिटं थांबवावा लागला असता. नव्या पद्धतीने चाळीस सेकंदांत काम झालं, आणि पित्तनलिकेतला अडथळा सापडला. हे वाचल्यावर मी आमच्याकडच्या मुलांचा विचार करत बसले. भूल द्यायची म्हणजे उपाशी ठेवायचं, भूलतज्ज्ञांची वेळ घ्यायची, आईबापांनी दिवसभर जीव मुठीत धरायचा. आज आमच्याकडे पाच-सहा वर्षांची मुलं आईचा हात धरून, भुलीशिवाय, डोक्याचा छोटा प्रोटोकॉल, म्हणजे ठरावीक सिक्वेन्सचा संच, पूर्ण करतात. सगळी नाही करत, पण पुष्कळ करतात.

आता फुकट काहीच मिळत नाही, हेही सांगायला हवं, कारण सरांचं खरं काम इथेच आहे. स्कॅनचा वेळ निम्मा केला तर सिग्नल आणि खरखर यांचं प्रमाण साधारण सत्तर टक्क्यांवर येतं, हा वर्गमुळाचा हिशेब आहे आणि तो चुकवता येत नाही. गाळलेल्या ओळींची किंमत वेगळी. म्हणून नवं सॉफ्टवेअर आलं म्हणून सरांनी कधी सरसकट वेळ कापला नाही. ते मॅडमकडे जाऊन बसायचे. या सिक्वेन्समध्ये तुम्ही नक्की काय शोधता? गादी सरकली आहे का एवढंच, की नस कुठे दबली तेही? मॅडम म्हणायच्या, मला देखणं चित्र नको, मला उत्तर द्या. मग आमच्यापैकी कुणीतरी टेबलावर झोपायचं, बहुतेक वेळा सर स्वतः. जुना सिक्वेन्स, नवा सिक्वेन्स, दोन्ही घ्यायचे. नावं आणि वेळा झाकून मॅडमसमोर ठेवायचे. फरक पडत नाही असं त्या म्हणाल्या, तरच नवा प्रोटोकॉल साठवायचा, आणि त्यानंतरही बरेच दिवस काही पेशंटच्या संमतीने दोन्ही घ्यायचे. खांद्याचे दोन नवे सिक्वेन्स अशा परीक्षेत नापास झाले. फाटलेल्या स्नायूबंधाची कड मऊ दिसत होती. ते टाकून दिले.

वाचलेल्या वेळाचं काय करायचं, यावर मात्र वाद झाले. एका ठिकाणी मी पाहिलं आहे, स्कॅन लहान झाल्याबरोबर दोन पेशंटमधलं अंतरही कापलं गेलं. म्हाताऱ्या माणसाने टेबलावरून उतरून चप्पल घालायच्या आत पुढच्याचं नाव पुकारलं जायचं. मला ते मनापासून चुकीचं वाटतं. खर्च भागायला हवा, रांग कमी व्हायला हवी, हे मान्य. सरकारी रुग्णालयात तारखेसाठी थांबणाऱ्याला तर प्रत्येक वाचलेलं मिनिट मोलाचं आहे. पण ती मिनिटं पेशंटच्या न हलण्याच्या कष्टातून वाचली आहेत. त्यांतली दोन तरी त्याच्या गुडघ्याखाली उशी नीट ठेवण्यात जावीत. पोक आलेल्या आजोबांच्या मानेखाली तीन घड्या लागतात की चार, हे पाहायला वेळ लागतो, आणि तो वेळ कुठल्याही सॉफ्टवेअरला कापता येत नाही.

सर निवृत्त होऊन गावी गेले. काही वर्षांनी त्यांचाच पाय ओढायला लागला, तेव्हा मुलगा त्यांना घेऊन आमच्याकडे आला. त्यांना टेबलावर झोपवताना माझ्या हातांनी त्यांचीच पद्धत पाळली: कॉइल, उशी, हातात रबरी फुगा, कानाला हेडफोन. बाहेर आल्यावर त्यांनी किती मिनिटं लागली ते विचारलंच नाही. चष्मा लावून कन्सोलपाशी बसले आणि स्वतःची पाचवी कमरेची नस शोधत राहिले. ती नीट दिसतेय याची खात्री झाल्यावर म्हणाले, “चांगला ठेवलायस गं प्रोटोकॉल.” माझ्या नोकरीत मला याहून मोठं प्रशस्तिपत्र मिळालेलं नाही.

आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे. न्यूयॉर्क विद्यापीठ आणि फेसबुक यांनी २०१८ साली एकत्र काम सुरू केलं, ज्यात तेच सोडिकसनही होते. २०२० साली त्यांनी दाखवलं की चौथा हिस्सा माहितीवरून उभं केलेलं गुडघ्याचं चित्र निदानाला नेहमीच्या चित्राइतकंच चालतं. त्याच वर्षी वेगार्ड अँटुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इशाराही दिला की कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अशा जाळ्यांतून लहानसा बदल पुसला जाऊ शकतो, किंवा नसलेलं काही उमटू शकतं. दोन्ही खरं आहे. आमच्या नव्या यंत्रात ही सोय आहे, आणि गुडघा, कंबर, मान यांना ती आम्ही वापरतो, मॅडमच्या परीक्षेतून पार पडलेल्या मर्यादेतच.

फिट्स येणाऱ्या पेशंटच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसचा सिक्वेन्स मात्र आम्ही अजून जुन्याच वेळात घेतो. तिथे शोधायचं असतं ते फार बारीक असतं, थोडासा आक्रसलेला भाग, किंचित उजळ छटा, आणि ते सापडण्यावर एखाद्या विशीतल्या मुलाची शस्त्रक्रिया होणार की नाही हे ठरतं. नवी पोरं विचारतात, एवढा वेळ कशाला, कमी करू का? मी त्यांना दोन्ही पद्धतींची चित्रं उघडून मॅडमकडे पाठवते. आतापर्यंत मॅडमनी प्रत्येक वेळी जुनंच निवडलं आहे. पुढच्या अपडेटनंतर पुन्हा पाठवीन.